जीव वाचल्यानंतर : प्रस्तावना

जीव वाचला, की घरच्यांना वाटते उपचार संपले. सलाईन सुटते, डिस्चार्ज कार्डावर सही होते, जबाब घ्यायला आलेला पोलीस निघून जातो आणि दापोलीहून रिक्षाने माणूस मुरुडला घरी येतो. मग त्या विषयावर घरात कोणी अक्षर काढत नाही. शेजाऱ्यांनी विचारलेच तर ‘पोट बिघडलं होतं’ असे सांगितले जाते. आई रात्री मधले दार उघडे ठेवून झोपते. वडील नेहमीपेक्षा लवकर वाडीत शिंपण्याला जातात. मुंबईचा भाऊ फोनवर ‘आता असलं काही करू नकोस’ एवढे म्हणून गप्प होतो. यात कोणाचेच मन वाईट नसते. पण रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत जोखमीचे असतात, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. घरचे ज्या दिवसाला उपचारांचा शेवट समजतात, त्या दिवशी त्यांची खरी सुरुवात व्हायला हवी.

पुढची पाने त्या सुरुवातीबद्दल आहेत. ती मानसोपचारतज्ज्ञांसाठी लिहिलेली नाहीत. आशाताई, शाळेतले शिक्षक, पोलीस पाटील, औषधाच्या दुकानात बसणारा मुलगा, बचतगटाच्या बाया आणि ज्यांच्या घरात ही गोष्ट घडली आहे किंवा घडेल अशी भीती आहे, अशांसाठी ती आहेत. मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसावर नेमके काय उपचार होतात, त्यांतले कोणते खरोखर उपयोगी पडतात आणि कोणते आपण नुसते सवयीने करतो, हे त्यांना कळावे एवढाच हेतू.

मुरुड म्हटले की अनेकांना जंजिरा आठवतो. इथे बोलतो आहे ते रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीपासून बाराएक किलोमीटरवरचे मुरुड. दुर्गादेवीचे देऊळ, नारळी-पोफळीच्या वाड्या, कर्द्याच्या बाजूला पसरलेला किनारा आणि आता त्या किनाऱ्यालगत उभी राहिलेली हॉटेले. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे. मनाच्या आजारांसाठीचे सरकारी रुग्णालय मात्र रत्नागिरी शहरात. ते १८८६ सालचे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी सर्वांत लहान, आणि मुरुडहून रस्त्याने शंभर किलोमीटरच्या पलीकडे. एवढ्या अंतरावर दर आठवड्याला कोण जाणार? म्हणून ‘तज्ज्ञाकडे न्या’ हा सल्ला बरोबर असला तरी तेवढ्यावर थांबणे सोयीचे नाही. तज्ज्ञाची एक भेट आणि पुढची भेट यांच्यामधले दिवस गावातच काढायचे असतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसे आत्महत्येने गेली. त्यांतली २२,७४६ महाराष्ट्रातली. सर्व राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा. कारणांच्या रकान्यात ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के आणि ‘आजारपण’ १८.४ टक्के. हे रकाने पोलीस भरतात आणि रकान्याला एकच कारण लागते. माणसाला एकच कारण क्वचित असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या बागा आडव्या केल्या. पोफळीचे रोप लावल्यावर उत्पन्न हाती यायला कित्येक वर्षे जातात. तेवढ्या वर्षांत कर्ज, दारू, बायकोशी भांडण, गुडघेदुखी आणि रात्री न लागणारी झोप अशी सगळी रांग उभी राहते, आणि शेवटी रकान्यात काहीतरी एक लिहिले जाते.

कायद्याचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो आता बराचसा निवळला आहे. १८६० च्या दंडसंहितेने आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवले होते. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे डोक्याला मार लागून मनाने आजारी झालेल्या एका पोलीस शिपायाचे प्रकरण आले. न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाने ते कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला कोठडी नको, दवाखाना हवा, अशी त्या निकालाची दिशा होती. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा वैध मानले आणि गोष्ट वीस वर्षे अडकली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने ती सोडवली. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे, तिला शिक्षा करायची नाही आणि तिची देखभाल, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते वेगळे कलम उरले आहे. तेव्हा ‘पोलीस केस होईल’ या भीतीने रुग्णाला उशिरा दवाखान्यात नेणे किंवा डॉक्टरांपासून खरे लपवणे, याला आता कायद्यात आधार नाही. लोकांच्या मनात मात्र तो अजून आहे, आणि त्या भीतीपायी गेलेला अर्धा तास फार महाग पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे. उपचारांची पहिली पायरी म्हणजे विचारणे. ‘तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’ असे सरळ विचारायचे. इथे बहुतेक जण दचकतात. नसलेली कल्पना आपणच त्याच्या डोक्यात घातली तर? मुरुडला हा आक्षेप नवा नसावा. र. धों. कर्वे १८८२ साली याच गावात जन्मले. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, संततिनियमनावर आणि लैंगिक आरोग्यावर उघड लिहिले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांना ऐकवला जाणारा आक्षेप हाच होता : बोललात की लोक बिघडतील. आत्महत्येच्या बाबतीत तर हा प्रश्न तपासून पाहिला गेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले त्यांची अस्वस्थता वाढली नाही, विचारही वाढले नाहीत. उलट जी मुले आधीच खचलेली होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना विचारल्याने थोडे हलकेच वाटले.

विचारण्याचीही रीत असते. ‘तसलं काही नाही ना रे मनात?’ हा प्रश्न नव्हे. त्यात ‘नाही म्हण’ अशी विनवणी आहे आणि समोरचा ती मान्य करतो. ‘जीव नकोसा झालाय का? मरून जावं असं वाटतं का? कधीपासून? किती वेळा? काही ठरवलंयस का?’ असे एकेक पाऊल पुढे जाणारे प्रश्न हवेत, आणि उत्तर काहीही आले तरी चेहरा स्थिर ठेवायची तयारी हवी. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर कान अधिक उघडे ठेवावे लागतात. ‘आता देवाने न्यावं’, ‘माझी तुम्हाला अडचणच’ ही वाक्ये कोकणातल्या ओटीवर रोजची. मुले मुंबई-पुण्याला, घरात एकटी आजी. तिच्या तोंडी ते वाक्य शंभर वेळा नुसते बोलण्यापुरते असते. एकशे एकाव्या वेळी नसले तर? ओळखायचा मार्ग एकच : जवळ बसून, हसण्यावारी न नेता विचारणे.

उत्तर ‘हो’ आले की आपल्याकडे पुढची कृती ठरलेली आहे. शपथ. ‘माझी शपथ आहे तुला’, ‘पोरांच्या डोक्यावर हात ठेव’. पाश्चात्त्य देशांतले डॉक्टरही अनेक वर्षे असेच काही करत. रुग्णाकडून ‘मी जिवाचे काही करून घेणार नाही’ असे कागदावर लिहून घेत. त्याने प्रयत्न कमी होतात असा पुरावा कधीच मिळाला नाही, म्हणून ती पद्धत आता मागे पडली आहे. शपथेने घालणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. ज्याला घातली त्याला मात्र, पुन्हा विचार आला की तो सांगायची चोरी होते; कारण सांगणे म्हणजे शपथ मोडायला निघालो अशी कबुली. घरातला एकुलता एक उघडा दरवाजाही बंद होतो.

तिच्या जागी आले आहे ते अगदी साधे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातले सर्वांत उपयोगी साधन : लेखी सुरक्षा आराखडा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो बांधला. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुतेक वेळा अल्पकाळ टिकते, काही मिनिटे, काही तास. आणि त्या वेळी माणसाला नवे काही सुचत नाही. म्हणून बऱ्या वेळेला, रुग्णाने स्वतःच्या शब्दांत, शक्य तर स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचे. पावसाळा दाराशी आल्यावर आगोटीची बेगमी करता येत नाही. ती मे महिन्यातच करून ठेवावी लागते, तसेच हे.

कागदावर काय असते? आधी स्वतःची चिन्हे : मला कसे कळते की ते पुन्हा सुरू होते आहे. कुणाला रात्री तीनला जाग येते, कुणी जेवण टाळू लागतो, कुणाच्या डोक्यात ‘सगळ्यांना माझ्यापासून सुटका मिळेल’ हे एकच वाक्य फिरू लागते. मग कुणाच्याही मदतीविना करता येण्यासारख्या एकदोन गोष्टी : विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी घेणे, पोफळीच्या झावळ्या ओढून रचणे, भजन लावणे. ‘सकारात्मक विचार करा’ हे तिथे लिहायचे नाही, कारण ते त्या वेळी कोणालाच जमत नाही. मग जिथे माणसे आहेत अशी जागा : देवळासमोरचा पार, एसटीचा थांबा, कोपऱ्यावरची टपरी. तिथे मनातले सांगायची सक्ती नाही, नुसते माणसांत असणे पुरते. त्यापुढे ज्याला खरोखर सांगता येईल अशा दोघातिघांची नावे आणि नंबर, तेही त्यांना आधी विचारून लिहिलेले. मग डॉक्टर, आशाताई, हेल्पलाइन. आणि शेवटी घर सुरक्षित करण्याचा भाग, ज्याकडे पुढे येतोच. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तातडीच्या विभागात आलेल्यांना असा आराखडा करून दिला आणि नंतर फोनवरून पाठपुरावा ठेवला, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसले. २०१८ सालचा हा अभ्यास. यात वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. अर्धा-पाऊण तास लागतो आणि ऐकून घेणारे माणूस लागते.

दुसरी गोष्ट पाठपुराव्याची, आणि तिचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या शेजारच्याच प्रदेशात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक प्रयोग केला. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज तासाभराची समजूत मिळाली आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा कुणीतरी फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस केली. कसे आहात, काही अडचण आहे का, कुठे पाठवायला हवे का. बस्स. २००८ मध्ये निकाल आला तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के माणसे आत्महत्येने गेलेली होती, विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के. पुढे सगळ्याच ठिकाणी एवढा मोठा फरक दिसला नाही, हे सांगायलाच हवे. तरीही इतक्या कमी खर्चात इतके काही देणारे औषध माझ्या पाहण्यात नाही.

त्याच्याही आधीचे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोतल्या जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाचे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक असताना त्यांना एका तरुणीची पत्रे येत; त्यांत काही मागणे नसे, नुसती ख्यालीखुशाली असे. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी हेच करून पाहिले. रुग्णालयातून सुटल्यावर ज्यांनी पुढचे उपचार नाकारले होते अशा ८४३ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे धाडली : तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा, वाटले तर कळवा. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांमधले मृत्यू लक्षणीय कमी होते. ज्या कोकणची घरे पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरींवर आणि त्यांच्या कुपनांवरच्या दोन ओळींवर चालली, त्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. आज ती जागा व्हॉट्सअॅपने घेतली आहे. ‘गुड मॉर्निंग’चे फुलांचे चित्र मात्र यात मोजत नाहीत, ते शंभर जणांना एकदम जाते आणि ज्याला मिळते त्याला ते कळते.

औषधांबद्दल गावात दोन टोके दिसतात. एकाला वाटते गोळीने सगळे मिटेल, दुसऱ्याला वाटते गोळीची सवय लागेल. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्यांची सवय लागत नाही. पण त्या मनाने थांबवायच्याही नसतात. तरुणांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला. त्याचा अर्थ गोळी देऊ नये असा नाही. पहिल्या महिन्यात जास्त लक्ष द्यावे असा आहे. मूड टोकाला जाणाऱ्या द्विध्रुवी आजारात लिथियम हे जुने आणि स्वस्त औषध आत्महत्येचा धोका कमी करते असे अनेक अभ्यास सांगतात; त्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. स्किझोफ्रेनियात क्लोझापिनचा तसा उपयोग २००३ मध्ये सिद्ध झाला. सिनेमांनी बदनाम केलेली विजेची उपचारपद्धती आज भूल देऊनच करायची असते, भुलीविना ती देणे २०१७ च्या कायद्याने बंद आहे; आणि अतितीव्र नैराश्यात, जेवणखाण सुटलेल्या माणसाला ती अनेकदा सर्वांत लवकर वर काढते. महिन्याभराच्या गोळ्या एकदम रुग्णाच्या हाती देऊ नयेत, हा साधा नियम घरच्यांनी पाळावा.

बोलण्याच्या उपचारांत गेल्या काही दशकांत एक महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी समज असा, की नैराश्य बरे केले की आत्महत्येचे विचार आपोआप जातील. आता त्या विचारांनाच हात घालतात : मागच्या वेळी नेमके काय घडले, कोणत्या क्षणी काय वाटले, कुठे वेगळे वळण घेता आले असते. ग्रेगरी ब्राउन आणि ॲरन बेक यांनी दहा बैठकांचा असा उपचार दिला, तेव्हा पुढच्या अठरा महिन्यांत पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी मार्शा लाइनहॅन यांनी वेगळी पद्धत घडवली, आणि तरुणपणी आपणही अशाच रुग्ण होतो हे त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितले. मराठीत या धाटणीच्या विचारांची ओळख मुख्यतः विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतून झाली. डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली, आणि १९९० मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या आयपीएच या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घरोघर नेली. आत्महत्येसाठी खास बेतलेली ती पद्धत नव्हे. पण आपल्या मनात चाललेल्या वाक्याला प्रश्न विचारता येतो, ही सवय मराठी वाचकाला तिच्यामुळे लागली.

प्रश्न राहतो माणसांचा. दापोली तालुक्यात असे शिकलेले उपचारक किती असणार? या प्रश्नाला गोव्याने आणि अमरावतीने उत्तर दिले आहे. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका. मुख्य काम एकच : सुटलेली कामे, भेटीगाठी, आवडी पुन्हा थोड्याथोड्याने सुरू करायला लावणे. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनंतर या उपचाराने ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. केवळ नेहमीच्या सेवेने ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या भागात. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन बोलत, गरजेप्रमाणे समुपदेशकाकडे आणि तिथून डॉक्टरकडे पाठवत. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते ते २७.२ टक्के झाले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर उतरले. मला यात आकड्यांइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : हे काम करणाऱ्या बाया त्याच गावच्या होत्या, त्यांना कुणाच्या घरी कधी जावे हे सांगावे लागत नव्हते.

आणि देवदेवस्की? कोकणात आजार आला की गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो. ‘बाहेरचं आहे’ म्हटल्याने घरच्यांना निदान दुसऱ्याकडे बोलता येते, दोष रुग्णावर येत नाही. माझे भांडण गाऱ्हाण्याशी नाही, त्यात जाणाऱ्या वेळेशी आणि काही ठिकाणी होणाऱ्या मारझोडीशी आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाने मानसोपचार आणि प्रार्थना शेजारीशेजारी चालवल्या गेल्या. गुरवाने कौल लावून झाल्यावर ‘आता दापोलीला डॉक्टरकडेही जाऊन या’ एवढे म्हटले, तर त्याच्या शब्दाला जे वजन आहे ते डॉक्टरच्या शब्दालाही नसते.

आता घर सुरक्षित करण्याविषयी. ऊर्मी अल्पकाळ टिकते, म्हणून त्या काळात घातक वस्तू हाताशी नसणे हाच मोठा उपचार. ‘ठरवलंय तर तो काहीही करील’ हे खरे नाही. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५ ते २०१५ या काळात तिथले आत्महत्येचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले, आणि शेतीचे उत्पन्न काही बुडाले नाही. मुरुडला कायदा करता येणार नाही, पण फवारणीची औषधे पडवीतून उचलून कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, किंवा काही महिने शेजाऱ्याच्या खोपीत ठेवता येतात. घरातल्या जुन्या गोळ्यांचे डबे रिकामे करता येतात. हे रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने करावे. चोरून केले तर त्याला आपल्यावर पाळत आहे असे वाटते.

या गावाला एक इतिहास आहे आणि तो या विषयाला लागून आहे. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात पुनर्विवाह केला. जोडपे मुरुडला आले तेव्हा गावाने बहिष्कार टाकला. घरच्यांनी थारा दिला तर त्यांनाही वाळीत टाकण्याची ताकीद होती. पुढे ते महर्षी झाले, १९५८ मध्ये भारतरत्न झाले आणि गाव त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कर्वे टिकले, कारण त्यांच्यापाशी पुण्यात काम होते, आणि सोबतीला माणसे होती. प्रत्येकापाशी ती नसतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांची मांडणी अशी, की ‘मी कुणाचाच नाही’ आणि ‘मी सगळ्यांना ओझे आहे’ या दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते. पहिली भावना गाव सहज निर्माण करू शकते. त्यासाठी ठराव लागत नाही. प्रयत्न झालेल्या घरातल्या मुलीच्या लग्नाचे बोलणे थांबते, हळदीकुंकवाचे बोलावणे यायचे राहते, एवढे पुरते. वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, पण न आलेल्या बोलावण्याविरुद्ध तक्रार कुठे करणार?

याच कोकण किनाऱ्यावर घडणारा ‘कासव’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट बऱ्याच वाचकांनी पाहिला असेल. त्याला राष्ट्रीय सुवर्णकमळ जाहीर झाले तो दिवस ७ एप्रिल २०१७; मानसिक आरोग्यसेवा कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तीही त्याच दिवशी. स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी एका अनोळखी, मरणाच्या दारातून आलेल्या तरुणाला घरी आणते. त्याला नावगाव विचारत नाही, उपदेश करत नाही, वाट पाहते. चित्रपटाची ही संयमी चाल मला फार आवडते. पण चित्रपट पाहून ‘विचारायचे नसते, नुसते प्रेम द्यायचे असते’ असा धडा कुणी घेतला तर मी त्याच्याशी भांडेन. भूतकाळाची उलटतपासणी करू नये, हे खरे. आज रात्री जिवाला धोका आहे का, हे मात्र विचारलेच पाहिजे. जानकीला पटकथेचा आधार होता, आपल्याला नसतो.

एक मर्यादा इथेच नोंदवतो. कोण आत्महत्या करील हे आधी ओळखता येत नाही. पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये घेतला गेला, तेव्हा तज्ज्ञांचे अंदाज नाणे उडवण्याहून थोडेच सरस निघाले. म्हणून ‘याला धोका कमी, त्याला जास्त’ अशा वर्गवारीवर विसंबून कुणाला परत पाठवू नये. आणि म्हणूनच, ज्या घरातला माणूस गेला आहे त्या घराने ‘आम्हाला कळायला हवे होते’ असे स्वतःला टोचत बसू नये. अनुभवी डॉक्टरांनाही ते कळत नाही. अशा घरांसाठी शेवटचे प्रकरण आहे. त्यांनी पुस्तक तिथूनच उघडले तरी चालेल.

आणि हे पान वाचणाऱ्याच्या स्वतःच्याच मनात तसे विचार येत असतील तर पुढची प्रकरणे आत्ता बाजूला ठेवा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा, दिवसरात्र चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जिवाला आत्ताच धोका असेल तर १०८ ला रुग्णवाहिका मागवा किंवा घरातल्या कुणालाही उठवा, रात्र असली तरी. फोन लागल्यावर सुरुवात कुठून करावी हे अनेकांना सुचत नाही आणि ते ठेवून देतात. ‘मला मरून जावंसं वाटतंय आणि मी घरी एकटा आहे’ एवढेच म्हणा. पुढचे प्रश्न पलीकडून येतील.